स्टेबल, पण कुणाच्या भरवशावर?

एखादा प्रोसेसर किती तास न अडखळता चालला म्हणजे त्याला ‘स्टेबल’ म्हणायचं? ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या दहाजणांना विचारा, अकरा उत्तरं येतील. कुणी म्हणेल दहा मिनिटं पुरे. कुणी म्हणेल एक तास. कुणी रात्रभर टेस्ट लावून झोपतो आणि सकाळी आधी स्क्रीन बघतो, मग दात घासतो. चोवीस तासांखालचं काहीच न मानणारे कडवेही आहेत. वरवर बघता हा तांत्रिक वाद आहे. पण तो कधीच मिटत नाही, आणि जे वाद आकडे समोर असूनही मिटत नाहीत, त्यांच्या तळाशी बहुधा आकड्यांपलीकडचा प्रश्न असतो. इथे तो भरवशाचा आहे. ‘हे टिकेल’ असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, आणि कुणाला म्हणतो?

ज्यांनी कधी डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. प्रोसेसरचं काम एका ठेक्यावर चालतं. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. दर ठोक्याच्या आत ट्रान्झिस्टरांनी, म्हणजे आतल्या सूक्ष्म स्विचांनी, आपापलं काम उरकून पुढच्या ठोक्याला तयार असावं लागतं. ठेका वाढवला की वेळ कमी पडतो. मग स्विच चपळ व्हावेत म्हणून व्होल्टेज वाढवायचं. व्होल्टेज वाढलं की चिप तापते. तापली की वीज आत नुसती गळायला लागते आणि ती आणखी तापते. ठेका, व्होल्टेज आणि तापमान या तिघांचा मेळ घालणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. तुमच्या हातातला फोनही हा मेळ दिवसभर घालत असतो, फक्त तुम्हाला विचारत नाही. उन्हात बसून गेम खेळताना फोन तापतो आणि गेम अचानक अडखळायला लागतो, तेव्हा आत प्रोसेसरने आपला ठेका उतरवलेला असतो.

या मेळाचं गणित निष्ठुर आहे. स्विच उघडमीट करताना खर्च होणारी वीज ठेक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ठेका ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झवर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. वेग वाढला साडेनऊ टक्के. उष्णता वाढली सुमारे ३९ टक्के. आणि जितकं वर चढाल तितका हा सौदा महाग होत जातो. शेवटचे १०० मेगाहर्ट्झ पहिल्या १०० मेगाहर्ट्झच्या भावात कधीच मिळत नाहीत.

पण मुळात डब्यावर ४.२ लिहिलेली चिप ४.६ला चालतेच कशी? कारण एकाच वेफरमधून निघालेल्या चिप्सही हुबेहूब सारख्या नसतात. आंब्याची लावतात तशी त्यांची प्रतवारी लावली जाते, आणि मागणी स्वस्त मालाला असेल तर चांगला आंबाही खालच्या पेटीत जातो. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे याचं गाजलेलं उदाहरण. ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो ४५० मेगाहर्ट्झवर जायचा, आणि पुष्कळांचा तिथे निवांत चालला. दीडपट वेग, फुकट.

फुकट म्हणजे कुणाच्या खात्यातून? आपल्याकडे भात लावताना एक मूठ तांदूळ जास्त टाकायची पद्धत आहे. अवचित कुणी आलं तर पानावरून उठायची वेळ येऊ नये म्हणून. चिप बनवणारी कंपनी हेच करते. तिला तुम्ही ठाऊक नसता. तिची चिप नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी चालायला हवी. धुळीने पंखा बुजलेल्या दुकानात चालायला हवी. स्वस्तातल्या पॉवर सप्लायवर चालायला हवी आणि सातव्या वर्षीही चालायला हवी. या सगळ्या अनोळखी माणसांसाठी टाकलेली मूठ म्हणजे लेबलवरचा आकडा आणि चिपची खरी ताकद यांच्यातलं अंतर.

ओव्हरक्लॉकर म्हणतो, माझं घर मला माहीत आहे. कूलर मी चांगला बसवलाय, थर्मल पेस्ट नीट लावलीय, पॉवर सप्लाय दमदार आहे. पाहुणा येणार नाही. तेव्हा ही मूठ मीच खातो. यात गैर काही नाही. लॅमिंग्टन रोडवरून खिशाला परवडेल तो प्रोसेसर आणायचा आणि त्याच्याकडून वरच्या किमतीच्या प्रोसेसरचं काम काढून घ्यायचं, यात हुशारी आहे आणि निखळ आनंदही आहे. वस्तू आतून कशी चालते हे कळण्याचा आनंद. प्रश्न सुरू होतो तो ‘झालं, स्टेबल आहे’ या वाक्यापाशी.

रीत ठरलेली आहे. ठेका १०० मेगाहर्ट्झने चढवायचा आणि टेस्ट लावायची. कोसळला तर १० किंवा २० मिलिव्होल्ट वाढवून पुन्हा टेस्ट. तापमानावर नजर ठेवायची, कारण आजचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर आपणहून वेग उतरवतात आणि मग सगळी कमाई पाण्यात. असं चढत-उतरत एक जागा सापडते जिथे मशीन तासन् तास टिकतं.

टेस्टसाठी सगळ्यात जुनं नाव प्राइम९५चं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ हा प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपापले संगणक लावून प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायच्या. एकेक हिशोब आठवडेच्या आठवडे चाले, आणि मधे एक अंक चुकला तरी सगळं वाया. म्हणून त्या प्रोग्रॅमला ‘टॉर्चर टेस्ट’ जोडली होती: उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरकडून करून घ्यायची आणि ताडून बघायची. ओव्हरक्लॉकर मंडळींनी गणित सोडलं आणि टेस्ट उचलली.

मात्र ही टेस्ट काय सांगते ते नीट ऐकायला हवं. आठ तास चूक झाली नाही, तर सिद्ध एवढंच होतं की त्या आठ तासांत, त्या खोलीत, त्या गणितांवर चूक झाली नाही. नवव्या तासाबद्दल ती गप्प आहे. टेस्ट प्रोसेसरला नापास करू शकते, पास करू शकत नाही.

आणि नवव्या तासाला काय काय होऊ शकतं याची यादी मोठी आहे. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना चिप ७८ अंशांवर थांबत होती. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की त्याच कूलरखाली तीच चिप ९८च्या आसपास जाते, कारण पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही आणू शकत नाही. दुसरी गंमत, पूर्ण भाराखाली रात्रभर टिकलेलं मशीन कधीकधी रिकामं बसलेलं असताना कोसळतं. भार कमी असताना एखादा कोर एकटाच सर्वांत वरच्या वेगाला उसळी मारतो आणि नेमकं तिथेच त्याला दिलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. तिसरी गोष्ट वयाची. चिपमधल्या बारीक धातूच्या तारांतून वाहणारा विद्युतप्रवाह वर्षानुवर्षं धातूचे अणू हळूहळू ढकलत राहतो. प्रवाह आणि तापमान वाढलं की हे झिजणं किती वेगाने वाढतं याचं सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात मांडलं. म्हणजे आज जे व्होल्टेज पुरतं ते दोन वर्षांनी पुरेलच असं नाही, आणि जास्त व्होल्टेज देऊन आपण ती दोन वर्षं जवळ आणत असतो.

ही अडचण संगणकाइतकी नवी नाही. भारतीय तर्कशास्त्रात हिच्यावर शतकानुशतकं भांडण झालं आहे. धूर तिथे अग्नी असं नैयायिक म्हणत. चार्वाक विचारत, तुम्ही किती स्वयंपाकघरं पाहिलीत? शंभर? हजार? न पाहिलेल्या स्वयंपाकघराबद्दल तुम्ही बोलताय कशाच्या आधारावर? पुन्हा पुन्हा पाहणं, ज्याला ते भूयोदर्शन म्हणत, त्यातून खात्री येते का? चार्वाकाचं म्हणणं, येत नाही. चोवीस तासांच्या टेस्टबद्दल तो हेच म्हणाला असता आणि तर्काने त्याला हरवणं कठीण होतं.

सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी याला जे उत्तर दिलं ते मला फार व्यवहारी वाटतं. शंका कितीही ताणता येते, पण तिला एक सीमा आहे: तुमचं स्वतःचं वागणं. धूर हवा म्हणून जो माणूस अग्नी पेटवायला जातो, त्याला धूर-अग्नीच्या संबंधाबद्दल खरी शंका नाही. तोंडाने काहीही म्हणो, हात खरं सांगतात.

हे उत्तर आपल्या टेबलावर ठेवून पाहू. एकजण म्हणतो, माझं मशीन एकदम स्टेबल आहे. पण कॉलेजचा प्रोजेक्ट तो लॅपटॉपवरच करतो, आणि लग्नाचे फोटो कॉपी करण्याआधी बायोसमध्ये जाऊन सेटिंग मूळपदावर आणतो. हात खरं सांगतायत. त्याच्या मते मशीन गेमसाठी स्टेबल आहे, फोटोंसाठी नाही. आणि यात विसंगती नाही. हाच त्या शब्दाचा खरा अर्थ आहे. चिपच्या अंगी वजनासारखा किंवा रंगासारखा ‘स्थिरपणा’ नावाचा गुण नसतो. आपण तिच्यावर काय टाकायला तयार आहोत, त्याचं ते माप असतं.

म्हणूनच विक्रम करणाऱ्यांबद्दल तक्रार करता येत नाही. २०२३मध्ये द्रव हेलियम ओतून एक डेस्कटॉप प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पलीकडे नेला गेला. अशा प्रयत्नात मशीन काही क्षण, नोंद होईपर्यंत, जिवंत राहिलं की पुरे असतं. त्या काही क्षणांपलीकडे ते कुणाला कसलंही वचन देत नाही, आणि बघणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. चिप मेली तर ज्याने खेळ मांडला त्याचीच मेली. हिशोब स्वच्छ आहे.

हिशोब गढूळ होतो तो दोन ठिकाणी. चूक दिसेनाशी होते तिथे, आणि चुकीची किंमत दुसराच कुणी भरतो तिथे.

निळा पडदा येणं, मशीन रिस्टार्ट होणं, याला आपण अपयश म्हणतो. खरं तर तो प्रामाणिक कोसळा आहे. काहीतरी बिनसलंय हे तो ओरडून सांगतो. भीती वेगळ्या गोष्टीची वाटायला हवी: व्होल्टेज केसभर कमी पडलं, एक बिट उलटला, पण मशीन चालूच राहिलं. झिप फाइल बनली, पण उघडेल तेव्हा कळेल की आत काहीतरी फाटलंय. सिम्युलेशनने उत्तर दिलं, चार दशांश स्थळांपर्यंत, आणि ते चुकीचं आहे. २०२१मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी एका शोधनिबंधात लिहिलं की त्यांच्या प्रचंड ताफ्यात दर काही हजार मशीनमागे मोजके कोर असे सापडतात जे गुपचूप चुकीची गणितं करतात. हे ओव्हरक्लॉक केलेले नव्हते, कारखान्यातून तपासून आलेले होते. तिथे अशी चूक घडते, तर जाणूनबुजून कडेला नेलेल्या चिपकडून काय अपेक्षा ठेवायची?

मूळ संख्या शोधणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या प्रकल्पात कुणाचंही ‘माझं मशीन स्टेबल आहे’ चालत नसे. एका संगणकाचं उत्तर दुसऱ्या संगणकाकडून पुन्हा काढून घेतलं जाई, आणि दोन्ही जुळली तरच ते मान्य. कारण एका घरातल्या १० मिलिव्होल्टच्या कंजुषीमुळे एखादी मूळ संख्या ‘मूळ नाही’ म्हणून निकालात निघाली असती, तर ती निसटली हे कुणाला कळलंही नसतं.

चुकीची किंमत दुसऱ्याने भरण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ओव्हरक्लॉकिंगचं नाही, पण प्रश्न तोच आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांची उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बाकीच्या शक्यता एकेक करून खोडून काढल्या, तेव्हा कुठे बोट पेंटियम प्रोसेसरवर ठेवलं. भागाकारासाठी लागणाऱ्या तक्त्यातल्या काही नोंदी गळल्या होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं की १.३३३८२ ऐवजी १.३३३७४ येई. मशीन कोसळत नव्हतं. शांतपणे चुकत होतं.

इंटेलचं म्हणणं, सर्वसाधारण स्प्रेडशीट वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. आयबीएमने हिशोब मांडला, २४ दिवसांत एकदा. एकच चिप आणि एकच दोष. अंतर पडलं ते ‘वापरणारा’ म्हणून कुणाला डोळ्यांपुढे धरलं यामुळे. सुरुवातीला इंटेलची भूमिका अशी होती की ज्याला अशा गणितांची गरज आहे हे पटेल त्यालाच चिप बदलून मिळेल. म्हणजे तुमचं काम इतकं अचूक असायला हवं हे आधी तुम्ही सिद्ध करा. लोक खवळले ते भागाकारापेक्षा यावर, असं मला वाटतं. अखेर त्या डिसेंबरमध्ये कंपनीने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशोबात दाखवला. माझ्यासाठी किती चूक चालेल हे परस्पर दुसऱ्याने ठरवावं, हे लोकांना मान्य नव्हतं.

तीस वर्षांनी, २०२४मध्ये, तो प्रश्न पुन्हा आला आणि या वेळी थेट व्होल्टेजच्या रूपात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर, कधीही ओव्हरक्लॉक न केलेल्या लोकांकडेही, गेम चालू असताना कोसळू लागले. कित्येक मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच शिफारशीपेक्षा सैल मर्यादा लावून येत होते. शिवाय प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप झिजत होती. कंपनीने मायक्रोकोड सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र सुधारलेल्या कोडने बरी होत नाही.

मला यात एक मोठा बदल दिसतो. पूर्वी मूठ डब्यात असायची आणि ती खायची की नाही हे घरमालक ठरवायचा. आता रिव्ह्यूमधल्या पट्ट्यांच्या आलेखात दोन-चार टक्क्यांनी पुढे दिसण्यासाठी ती मूठ कारखान्यातच शिजवली जाते. घरी येतो तो काठोकाठ भरलेला डबा, आणि हौशी ओव्हरक्लॉकरला करायला फारसं उरत नाही. कित्येकजण आता उलटं करतात. व्होल्टेज उतरवतात, वेग दोन टक्के सोडतात आणि शांत पंखा, थंड खोली पदरात पाडून घेतात. पण तिथेही परीक्षा तीच. उतरवलेलं व्होल्टेजही गुपचूप चूक करू शकतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय, सगळी जास्तीची ताकद नुसती पडून राहू द्यायची? हा आक्षेप खरा आहे. न वापरलेली क्षमता हीही एक उधळपट्टीच. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण वेळ आणि चिकाटी आहे, त्याने ती वापरू नये असं सांगणारा उपदेश ज्यांना नवा प्रोसेसर परवडतो त्यांनाच शोभतो. शिवाय प्रत्येक गोष्टीत ‘जपून’ म्हणणाऱ्याने आजवर काही शोधलेलं नाही. माझा मुद्दा मूठ खाऊ नये असा नाहीच. ती कुणाची होती, एवढं खाताना माहीत असावं.

माझ्या खोलीतल्या माझ्या मशीनवर माझा गेम कोसळला तर ती माझी मूठ. तेच मशीन मी मित्राला त्याच्या शॉर्ट फिल्मच्या रेंडरसाठी दिलं, तर ती त्याची झाली. आणि त्याला ‘स्टेबल आहे’ एवढंच सांगणं हे अर्धसत्य झालं. दोन वर्षं १.४५ व्होल्टवर चालवलेला प्रोसेसर ‘एकदम मस्त कंडिशन’ म्हणून विकला, तर मूठ मी खाल्ली आणि पैसे घेणाऱ्याने भरले. चिपच्या पाठीवर तिचा इतिहास लिहिलेला नसतो. तो फक्त विकणाऱ्याला माहीत असतो, म्हणून सांगायची जबाबदारीही त्याचीच. असेंबल करून देणारा गिऱ्हाइकाला न विचारता ‘ट्यून’ करून देत असेल, तर पेंटियमच्या वेळच्या कंपनीत आणि त्याच्यात फरक फक्त आकाराचा.

जुन्याजाणत्या ओव्हरक्लॉकर लोकांत एक सवय असते. सगळ्यात कमी कुठल्या व्होल्टेजवर मशीन टिकतं ते रात्र-रात्र जागून शोधायचं, आणि सापडल्यावर तिथे थांबायचं नाही. वर आणखी २० किंवा २५ मिलिव्होल्ट ठेवायचे आणि मग बायोसमध्ये सेव्ह करायचं. टेस्टने मागितलेले नसतात ते. ते मे महिन्यासाठी असतात, धुळीसाठी असतात, आपल्याला न सुचलेल्या गणितासाठी असतात. कड कुठे आहे हे समजल्यावर तिच्यापासून पाऊलभर मागे उभं राहणं, यात मला भित्रेपणा दिसत नाही. चार्वाकाची शंका खरी आहे हे त्यात मान्य केलेलं असतं, आणि तरीही काम थांबवलेलं नसतं.

तेव्हा ‘किती तास’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. वाक्य पूर्ण केलं तर मात्र उत्तर मिळतं. स्टेबल आहे: या कूलरवर, या खोलीत, गेम खेळण्यासाठी, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. एवढं लांब वाक्य कुणाला आवडत नाही, पण समोरच्याला निर्णय घ्यायला तेवढंच लागतं. डब्यातली मूठ खाल्ली तर खाल्ली. फक्त कुणाला जेवायला बोलावण्याआधी झाकण उघडून आत काय उरलंय ते बघावं, आणि त्यालाही सांगावं.